अप्पांचा उजवा पाय

आधीच सांगून ठेवतो, ह्यात भूत हाय.

आता तुमी सरसावून बसला असाल. वडाचं झाड, पांढरं लुगडं, कुत्र्याचं रडणं. त्यातलं काईबी येणार न्हाई. हे भूत भर दुपारी साडेबाराच्या टायमाला येतं, ओपीडी सुटताना, फिनाइलच्या वासात. कॉलेजच्या अंकाचा संपादक मला म्हणलाता, "एक पान तुझं बे, पब्लिक हसलं पायजे." त्याची तरी काय चूक. मी डीनची नक्कल करतो, अडकलेल्या लिफ्टची करतो, रक्त काढताना डोळे मिटून घेणाऱ्या पैलवानाची करतो. ज्यांनी हसायला पान उघडलंय त्यांनी सुरुवातीलाच हसून घ्यावं. आन एक, हा लेख छापायच्या आधी दोघींनी वाचलाय. मेडिसिनच्या मॅडमनी आन तिसऱ्या वर्षाच्या सबानं. कावून, ते शेवटी कळंल.

पुढचं मला अप्पांशी बोलायचंय.

अप्पा, शेवटच्या खेपेला तुमी मला एक गोष्ट इचारली. मी खोटं उत्तर दिलं. ते खरं धरून तुमी परळीच्या बसमधी बसले, आन तिसऱ्या आठवड्यात गेले. मला तेवढंच सांगायचंय. पण तुमाला म्हायती हाय, मला उभ्या उभ्या सांगायला जमत न्हाई. चालत चालत सांगतो.

तुमी आमच्या वॉर्डाची पक्की केस. अकरा वर्सांमागं डावं अंग गेलं. हात छातीशी दुमडलेला, काखेत कोकरू धरल्यावाणी. डावा पाय ताठ, गुडघ्यात वाकायचं नाव न्हाई, म्हणून तो बाहेरून विळ्यासारखा फिरवून पुढं टाकायचा. त्यानंतर ना सुधरलं, ना बिघडलं. पुस्तकात लिहिलेलं सगळं अंगावर, आन वर माणूस बोलका. प्रॅक्टिकल आलं, न्यूरोचं क्लिनिक लागलं, की मॅडमचा फोन परळीला जायचा. तुमी दाव्या-कासऱ्यांचं दुकान तुमच्या मंडळींवर, अक्कांवर सोडून, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून पहिल्या बसनं हजर.

मॅडम शिकवायच्या त्यातलं निम्मं तुमीच शिकवायचे. एखादं पोरगं हातोडी घेऊन थेट गुडघ्याकडं धावलं, की तुमी पाय आखडून घ्यायचे.

"नाव इचारलंस का?"

"सॉरी काका. नाव?"

"गाव?"

"माझं गाव लिंबा…"

"माझं इचार लेका. तुझं घेऊन मी काय करू."

तिसऱ्या वर्षाचं ते लिंबागणेशचं पोरगं मीच व्हतो. नाव-गाव झाल्यावर तुमी पाय ढिला सोडला. "आता मार. खिळा ठोकतोस व्हय? मनगट सोड, हातोडीला तिच्या वजनानं पडू दे. आता तळवा. चावी घे, टाचेपासून बाहेरच्या कडंनं ओढ. अंगठा कुठं गेला?"

"वर."

"मंग माझ्या तोंडाकडं काय बघतोस, लिहून घे."

ज्यानं नाव इचारलं न्हाई त्याच्यापुढं तुमी शेवटपर्यंत बहिरे. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या एका एक्झामिनरलाबी तुमी असंच वीस मिनिटं ओरडायला लावलं व्हतं. मॅडम खिडकीतून बाहेर बघत बसल्या. तेव्हा त्या हसत व्हत्या, अप्पा. तुमच्याकडं पाठ व्हती म्हणून तुमाला दिसलं न्हाई.

त्याच आठवड्यात तुमी मला पकडलं. वॉर्डाच्या व्हरांड्यात तुमी पुढं चाललेले, मागं मी तुमची चाल करत, आन माझ्यामागं सहा पोरं पोट धरून. तुमी वळले. तुमच्या उजव्या हाताकडं बघून मी गाल तयार ठेवला. जल्मभर दोर वळलेला हात.

"परत कर."

"चुकलं अप्पा."

"चुकलं का बरोबर ते मी बघतो. त्या नळापासून हितपर्यंत कर."

मी केलं. खर्र-टप. खर्र-टप. डाव्या बुटाची बाहेरची कड घासायची ती खर्र, उजवा पाय पडायचा तो टप. तुमी भिंतीला टेकून बघत व्हते.

"मी असा चालतो?"

"व्हय."

"इतकी वर्सं चालतोय, आज बघितला." मंग म्हणले, "घरात आरसा हाय तो दाढीपुरता. पोरं म्हणतात लई सुधरला, गिऱ्हाईक वर बघत न्हाई. आता येईन तवा मला करून दाखवत जा, नकल्या."

लिंबागणेशच्या शाळेत पहिलीपासून प्रत्येक मास्तर मला 'बंद कर' म्हणला. 'परत कर' म्हणणारे तुमी पहिले. हे तुमाला सांगायचं राहिलं. तुमी एकदा म्हणलते, दुसऱ्याचं अंग घालून बघता आलं तर डॉक्टर व्हायला निम्मं काम झालं. ते मी आईला सांगितलं व्हतं. तिनं ते अजून गल्लीभर सांगणं सोडलं न्हाई.

मंग ठरूनच गेलं. तुमी यायचे, कॉटवर बसायचे, "चल, आरसा धर" म्हणायचे, आन मी चालून दाखवायचो. त्याच्यावरनं आपलं भांडण पण ठरलेलं.

"तू वाढवतोस. हसं व्हावं म्हणून."

"बाकीच्यांची वाढवतो अप्पा. तुमची जशीच्या तशी हाय."

"एवढा फिरत न्हाई माझा पाय."

"फिरतो."

"न्हाई फिरत बे."

तीन वर्सं. मी इंटर्न झालो तरी भांडण तिथंच. खरं सांगतो, मी एकदाबी वाढवली नव्हती.

आता ती खेप. सकाळी मी वॉर्डात आत सुई लावत व्हतो. व्हरांड्यातून तुमचा आवाज आला, आन त्यात कायतरी जास्तीचं व्हतं. खर्र-टप-खस. नकल्याचा कान डोळ्याच्या आधी जातो. बाहेर येऊन बघितलं तर तुमच्या उजव्या बुटाचं टोक फरशीला घासत येत व्हतं. धडधाकट पाय, तो.

तवा मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. नवा माल मिळाला म्हणून.

दुपारी मेसमधी ताट हातात घेऊन मी नवा अप्पा करून दाखवला. दोन्ही पाय घासत, मधीच जांभई देत, बोलता बोलता पेंगत. एकाला ठसका लागला, त्याच्या पाठीत बुक्क्या मारायला लागल्या. जुन्या अप्पापेक्षा नवा अप्पा जास्त चालला.

जेवून आलो तर मॅडमला मीटिंग लागलेली. मला म्हणल्या, "ज्युनियरना तू घे." सात-आठ पोरं तुमच्या कॉटभवती. त्यात सबा. ती तुमच्या पायापाशी उकिडवी बसून बराच वेळ बूट बघत व्हती.

"सर, ह्यांच्या उजव्या बुटाचं टोक पण झिजलंय."

"पक्की केस हाय," मी म्हणलं. "दरवर्षी हीच येते. डावं अंग लिही, मार्क घे."

तिनं वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलं. रबराचा आवाज आला. खस.

तुमी त्या दिवशी वर्ग घेत नव्हते. मी छेडलं, तर म्हणले, "झोप लई येते रे. त्या शटरपासून डोकं जड हाय." मंग शटरची गोष्ट सांगितली. दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर, खाली पडलेला कासरा उचलून तुमी उभे राहायला गेले, आन ठण. मी लगेच शटरची नक्कल केली. सगळे हसले. तुमी पण हसले, पण सगळ्यांचं झाल्यावर.

पोरं पांगल्यावर तुमी कॉटचा दांडा धरून म्हणले, "नकल्या, अक्का म्हणती, दुसरा पाय पण ओढतोय. म्हणलं, माझा आरसा कॉलेजात हाय, त्याला इचारतो. कर. आज वाढवू नको. खरं कर."

तुमी भ्यालते. मी तुमाला तसं कधीच बघितलं नव्हतं. तीन वर्सं तुमी म्हणायचे वाढवतोस. मला वाटलं, आज एक दिवस कमी करून दाखवावं. काय बिघडतंय. मी दारासमोरच्या नळापासून निघालो. खर्र-टप. खर्र-टप. उजवा पाय चांगला उचलून, नीट टाकत. जुना अप्पा.

तुमच्या खांद्यातली ओढ गेली. "हाय तसाच हाय की. अक्काचं आपलं कायतरी." आन बसला जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणले, "आज पहिल्यांदा बरोबर केलीस."

भांडण तुमी जिंकले अप्पा. मी मुद्दाम हरलो.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मंग मला परत अप्पांकडं जाऊ द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला डोक्याला साधा मार लागला, तर कवटीच्या आत थेंब थेंब रक्त साचत जातं. आठवडे लागतात. मेंदू दबत जातो, माणूस पेंगतो, रक्ताच्या उलट बाजूचा पाय जड व्हतो. वेळेवर कळलं तर कवटीला दोन भोकं पाडून ते काढता येतं, माणूस चालत घरी जातो. अप्पांना ती गोळी चालू हाय, हे मला म्हायती व्हतं. शटर मला सांगितलेलं. पेंग मी मेसमधी करून दाखवलेली. हा प्रश्न मी स्वतः ज्युनियरना वायवाच्या आधी घोकून घेतो.

तुमी एका सकाळी उठलेच न्हाई. मोठ्या दवाखान्यात नेऊन डोक्याचा फोटो काढला तवा आत रक्ताचे थरांवर थर, जुन्यावर नवं. मॅडमनी सांगितलं. सांगून त्या बराच वेळ स्टेथोस्कोप गुंडाळत बसल्या. तुमच्यात बसवून माती देतात. इतकी वर्सं डावीकडं कललेला माणूस, मानेला आधार देऊन सरळ बसवला म्हणे. मी आलो न्हाई. ड्युटी व्हती, पण सुट्टी मिळाली असती. अर्जात 'कोण लागतात' लिहावं लागतं. केस लिहावं का मास्तर लिहावं, मला ठरवता आलं न्हाई.

मंग आठ दिवसांनी ते सुरू झालं.

ओपीडी सुटत व्हती. व्हरांड्यात ऊन आलेलं. माझ्या मागून आवाज आला. खर्र-टप-खस. मी थांबलो, तो थांबला. मी निघालो, तो निघाला. कुठला आवाज कुठून येतो, हे ओळखण्यावर माझी सगळी मजा चालते. ह्याची दिशाच लागंना. पुढं मावशी फरशी पुसत व्हत्या, माझ्याकडं पाठ करून. वर न बघता म्हणल्या, "अप्पा, ओलं हाय, दमानं या."

म्हणल्या, आन हातातलं फडकं तसंच राहिलं. वळल्या.

"तू हायेस व्हय," मावशी म्हणल्या. मंग हळूच, "गेलेल्या माणसाची करू नये बाबा."

मी करत नव्हतो, अप्पा. मी कँटीनला चाललोतो. खाली बघितलं तर माझा डावा हात छातीशी दुमडलेला. मी उजव्या हातानं धरून तो खाली केला.

खोलीवर जाऊन मी स्वतःला तपासलं. नाव-गाव स्वतःलाच इचारलं, तुमचा नियम म्हणून. हातोडी वजनानं पडू दिली. तळव्यावर चावी ओढली. अंगठा खाली गेला, धडधाकट माणसाचा जातो तसा, सगळं सरळ. रूममेट म्हणला, "कावून येड्यावाणी करायला बे?" मी त्याला माझा उजवा बूट दाखवला. गेल्या महिन्यात घेतलेला. टोकाचं रबर घासून गुळगुळीत झालतं.

त्यानंतर रोज. साडेबाराला. ओपीडी सुटताना.

परवा रविवारी मी परळीला आलो. उन्हात वीजकेंद्राची राख उडत व्हती. तुमी म्हणायचे ना, आमच्या गावात राख दोनच जागी शोभते, कपाळावर आन देवळात, बाकी सगळी दुकानात येऊन बसते. तुमच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. तेच शटर. मी वाकून आत गेलो. वरून दावी आन कासरे लोंबत व्हते, ते सगळे हलायला लागले. माझाच धक्का लागला असंल.

आतून अक्कांचा आवाज आला, अगदी रोजचा.

"आलात? पाय पुसा, राख आत आणू नका."

मंग कपबशी ठेवल्याचा आवाज, आन एकदम काईच न्हाई. अक्का दारात आल्या. मला बघितलं. माझ्या छातीशी दुमडलेला हात बघितला.

"तू नकल्या."

"व्हय अक्का."

मला वाटलं त्या रडतील. त्यांनी जमिनीकडं बोट केलं. "तिथं पाय देऊ नको."

दुकानातनं घरात जायचा तेवढा पट्टा तुमी गेल्यापासून झाडलेला नव्हता. राखेच्या साईनं सगळं मऊ झालेलं, पण खालची खूण दिसत व्हती. विळ्यामागं विळा, विळ्यामागं विळा. डावा पाय.

"अकरा वर्सं रोज झाडते," अक्का म्हणल्या. "पाठ हाय मला. आन आता ही बघ." विळ्यांच्या बाजूला एक बारीक सरळ रेघ व्हती, तुटत तुटत गेलेली. "ही शटर लागल्यावर पंधरा दिवसांनी उमटाया लागली. मी त्यांना हाताला धरून दाखवली. म्हणले, नकल्याला इचारून येतो. आले ते खूश. म्हणले, पोरानं चालून दाखवलं, काई झालेलं न्हाई. काय दाखवलंतंस तू?"

"जुनी चाल."

"आन त्या दिशीची?"

"ती… मेसमधी केलती. पोरांपुढं."

अक्का दाराला टेकल्या. "मला कर."

मी रेघांच्या कडंनं, भिंतीला धरून, तुमी झालो. खर्र-टप-खस. खर्र-टप-खस. अक्कांनी डोळे मिटून घेतलेले. "हां," त्या म्हणल्या. "ह्योच." मला वाटलं तिथं थांबावं. पाय थांबंनात. टोकाला भिंत आली, मी वर हात करून लोंबतं दावं धरलं आन चार बारक्या पावलांत वळलो.

अक्कांनी डोळे उघडले.

"तिथं दावं धरून वळायचे ते," त्या म्हणल्या. "तुला कुणी सांगितलं?"

कुणीच न्हाई. व्हरांड्यात भिंत हाय, तुमी भिंत धरायचे. तुमाला दुकानात चालताना मी कधी बघितलंच न्हाई, अप्पा. दावं माझ्या हातात व्हतं, आन ते नेमकं तिथंच, एका मुठीएवढं, तेलकट झालेलं व्हतं.

"सोड ते," अक्का म्हणल्या. "बस खाली."

मी बसलो, आन मला रडू आलं, रडत रडत सबानं बघितलेल्या बुटाचं आन खोडलेल्या वहीचं पण सांगून टाकलं, आन मंग अक्का जे बोलल्या ते तुमाला सांगतो, कारण तुमी असते तर मधी पडले असते.

"गप. रडायला आलास व्हय हितं? माझं अजून सरलं न्हाई, तुझं कुठं ठेवू? त्या माणसाला स्वतःची चाल दिसत नव्हती. मला दिसली, तर माझं ऐकलं न्हाई. तुझं ऐकलं असतं. सगळ्या गावात एकट्या तुझं ऐकलं असतं, आन तू बरं वाटावं म्हणून खोटं चाललास. बरं वाटायला मी व्हते की घरी. त्यासाठी बसनं तुझ्याकडं कशाला आले असते ते? मॅडमला सांगितलंस? न्हाई. त्या पोरीनं बूट बघितला, तिला सांगितलंस तिचं बरोबर व्हतं म्हणून? न्हाई. मंग ती जल्मभर बघितलेलं खोडतच बसंल की रे. उद्या जा आन दोघींपुढं उभा राहून सांग. जी पोरं हसली त्यांना पण सांग, कशाला हसली ते. मला सांगून मोकळा व्हायला बघू नको. ऊठ आता. तोंड धू, चहा निवायला लागलाय, पी. पाय पूस. आन जाताना तुझ्या पायानं जा. ती चाल माझ्या घरची हाय, ती हितंच ठेव."